काल्यापुरती बांधलेली घंटा

पेठेत सप्ताह बसला की दरवर्षी तेच गाऱ्हाणं. मांडवाच्या शेजारीच मैलापाण्याचं पंपघर, आणि कीर्तन रंगात आलं की त्याची घंटा घणघणायची. बुवांचा सूर मोडायचा, पोरं फिदीफिदी हसायची.

घंटा मात्र उगाच वाजत नव्हती. पंपघरातल्या खोल विहिरीत साऱ्या पेठांचं घाण पाणी जमे. त्यावर पत्र्याचा पिंप तरंगे. पाणी चढलं की पिंप वर येई, तार ओढली जाई आणि छपरावरची घंटा वाजे. मग पंपवाला ज्ञानबा दुसरा पंप सुरू करी, आणि साफसफाईला गटारात उतरलेला माणूस झटकन वर येई. कारण विहीर भरली की मागे गटारही तुंबे.

गटारात उतरायचा तो सिद्धाराम. वर दोर धरून त्याची बायको जगदेवी.

"तुज्या घंटेवर माजा जीव हाय बग, ज्ञानबा," सिद्धाराम हसून म्हणायचा. "बायकोचं येक वेळ ऐकनार न्हाय, पर घंटेचं ऐकतो!"

"मंग माज्याच गळ्यात बांदा की ती घंटा," जगदेवी ठसक्यात म्हणायची.

१९७४ साली, काल्याच्या सकाळी, सप्ताहाचे प्रमुख चनमल्लप्पा पंपघरात आले. कापडाचे व्यापारी, पेठेत त्यांचा शब्द मोठा.

"ज्ञानबा, आज मोडनिंबचे धोंडीरामबुवा हायेत. काल्यापुरती तेवढी घंटा बांध की!"

"आप्पा, मागच्या गल्लीत सिद्धाराम उतरनार हाय. पानी चढलं तर?"

"तू हितंच बसणार न्हवं? डोळ्यानं बघ पिंपाकडं!"

ज्ञानबा स्वतः कीर्तनाचा वेडा. छपरावर चढून त्याने घंटेच्या लोलकाला आपलं उपरणं घट्ट गुंडाळलं. मांडवात सगळ्यांना ते कळलं, सगळे खूश झाले. कळलं नाही ते फक्त दोघांना, ज्यांच्यासाठी ती घंटा होती त्यांना!

कीर्तन सुरू झालं. गोपाळांच्या शिदोऱ्या कालवणारा कान्हा बुवांनी असा उभा केला की खिडकीशी बसलेल्या ज्ञानबाचे डोळे आपोआप मिटले. नामात डोळे मिटणं किती गोड! पण त्या घटकेला त्या डोळ्यांवर एका माणसाचा श्वास अवलंबून होता.

वरच्या अंगाच्या, सूत रंगवणाऱ्या रंगशाळांनी तेव्हाच आपले हौद मोकळे केले. पिंप चढला, तार ताणली गेली. उपरण्यातला लोलक मुक्याने हलत राहिला.

जगदेवी कान देऊन उभी होती. घंटा नाही म्हणजे भीती नाही! तेवढ्यात गटाराच्या तोंडातून लाल पाणी उसळलं. तिने दोर ओढला. दोर आतच अडकला होता.

"धावा वो! कुनीतरी धावा!"

गजरातही ती किंकाळी बुवांनी ऐकली आणि टाळ थांबवले. माणसं पळाली. ज्ञानबाने डोळे उघडले, दोन्ही पंप चालू केले. पाणी ओसरलं तेव्हा सिद्धाराम निघाला तो रंगाने माखलेला, निष्प्राण.

"ज्ञानबाभाऊ, घंटा का वो न्हाय वाजली?" जगदेवीने एवढंच विचारलं.

ज्ञानबा तिच्या पायाशी कोसळला. "म्या बांदली, वैनी... म्या बांदली!"

"देवाची इच्छा..." चनमल्लप्पा पुटपुटले.

"थांबा आप्पा!" बुवा कडाडले. "देवाच्या माथी मारू नका! आपण मांडवात काला करत होतो, आणि आपलाच एक गोपाळ खाली बुडत होता. असलं कीर्तन देव ऐकेल? माझा सूर मोडला असता तर पुन्हा लागला असता. याचा श्वास आता कोण आणून देणार? तुम्हाला जो गोंगाट वाटला, तो या माउलीचा आधार होता!"

चनमल्लप्पांची मान खाली गेली. दहीहंडी तशीच टांगलेली राहिली. ज्याला पेठेने कधी ओट्यावर बसवलं नाही, त्याच्या तिरडीला आप्पांनी खांदा दिला. मग तेच रंगशाळांच्या दारोदार फिरले. पंपघराला कळवल्याशिवाय आणि गटारातला माणूस वर आल्याशिवाय हौद सोडायचा नाही, असा शब्द त्यांनी प्रत्येकाकडून घेतला. पुढच्या वर्षी सप्ताहाचा मांडव लांबच्या पटांगणात पडला.

काल्याचा प्रसाद घेऊन आप्पा स्वतः जगदेवीच्या दारी गेले. तिने तो घेतला नाही. दार लावून घेतलं.

बंधुभगिनींनो, ते दार आपल्याही तोंडावर लागलेलं आहे. आपली घाण वाहून नेण्यासाठी कुणी अंधारात उतरला असेल, तर त्याच्या जिवाची काळजी घेणं हीच पहिली पूजा. ती चुकली, तर बाकीचं सगळं नुसतं गाणं!