कोणाच्याच घरचा चहा नाही

यवतमाळात समीक्षाइतकी करारनाम्याला चिकटून राहणारी आर्किटेक्ट दुसरी सापडायची नाही. दार वीतभर सरकवायचं तरी तिचा लेखी आदेश हवा. तोंडी सांगितलेलं ती मुळी धरायचीच नाही. तिचा दुसरा नेम त्याहून कडक. काम चालू आहे तोवर ना मालकाकडे चहा घ्यायचा, ना ठेकेदाराकडे. दोघांचं भांडण जुंपलं की निवाडा आर्किटेक्टनेच करायचा असतो, आणि ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याकडे मन झुकतं. म्हणणं काही खोटं नव्हतं. पण त्यापायी बाई प्रत्येक साइटवर गाडीत बसून एकटीच डबा खायची, आणि घरी गेल्यावरही एकटीच.

बोरी अरबजवळच्या बंजारा तांड्यावर समाजभवनाचं काम निघालं, तिथेही तेच. पहिल्याच दिवशी तांड्याचे नाईक हिरासिंग यांच्या बायकोने, सुखीबाईने, तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा पुढे केला. समीक्षा हसून ‘नको’ म्हणाली. का नको, ते मात्र बोललीच नाही. उठल्यासुटल्या सगळं लेखी देणारी ही बाई, आणि एवढं एक तोंडाने सांगायचं तिला सुचलं नाही! दोन-चारदा विचारून सुखीबाईने तांब्या आणणं सोडलं.

पुसदचा ठेकेदार भीमराज मुदत वाढवून मागायचा, तांड्याच्या वतीने मालक असलेले हिरासिंग नाही म्हणायचे. समीक्षाने पावसात बुडालेले दिवस तेवढे वाढवून दिले, आणि तिरप्या बसलेल्या खिडक्या भीमराजकडून पुन्हा बसवून घेतल्या. दोघेही रुसले, दोघांनीही मानलं. दुपारी तांड्यातल्या बाया जेवताना हसत-खिदळत बसायच्या. समीक्षा गाडीच्या काचेतून बघायची. आपणही त्यांच्यात जाऊन बसावं असं तिला फार वाटायचं. काम पूर्ण झाल्याचा दाखला एकदा हातावेगळा झाला की बसू, असं ती मनाला समजावायची.

भवनाच्या उद्घाटनाला तिने आधी तो दाखला दिला. एक प्रत हिरासिंगांना, एक भीमराजला. आता ती कोणाचीच पंच नव्हती. बाहेर पंगत बसत होती. तिने चपला काढल्या आणि बायांच्या ओळीत जाऊन मांडी घातली. कितीतरी वर्षांनी तिला असं हलकं वाटत होतं.

सुखीबाई लगबगीने आली. हातात बिस्किटांचा पुडा आणि पाण्याची सीलबंद बाटली.

“मॅडम, तुमच्यासाठी बोरीहून मुद्दाम आणवलं. आमच्या हातचं तुमाले चालत नाही, मालूम हाये मले.”

समीक्षा घाईघाईने म्हणाली, “नाही हो सुखीबाई, तसं नव्हतं! मी कोणत्याच कामावर कोणाकडचं काही घेत नाही. आता काम संपलं. मले तुमचीच भाकर द्या.”

बाई संकोचाने बोलते आहे, असंच सुखीबाईला वाटलं. तिने मायेने समीक्षाच्या खांद्यावर हात ठेवला.

“राहू द्या, बाई. इतके दिवस पाळलं तुमी. आता आमचं मन राखाले कायले मोडता?”

आणि पत्रावळीच्या जागी पुडा ठेवून ती पुढच्या बाईला वाढायला लागली.