पानिपत टाळणारी उन्नती

उन्नती दिल्लीतल्या द्वारकेत वाढली. तिचे वडील वाल्मीक वर्ध्याहून केंद्र सरकारच्या नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. एका इतिहासाच्या कॉम्प्युटर गेममध्ये तिचा हात असा बसला होता की शनिवार-रविवार ती त्यातच असे. १७६०च्या मराठी फौजेपासून सुरुवात करायची आणि अटकेपर्यंतचा मुलूख कमीत कमी वेळात जिंकायचा. देशातला विक्रम होता एक तास बावन्न मिनिटांचा.

सगळे खेळाडू पानिपतावर लढत. फौजेबरोबरच्या चाळीस हजार बायकामुलांना आणि यात्रेकरूंना ते मरू देत, कारण त्यांच्यामुळे कूच मंदावे. उन्नतीने वेगळं करून पाहिलं. लढाई टाळून तिने आधी या माणसांना ग्वाल्हेरला पोचवलं. तिथे वीस मिनिटं गेली खरी, पण फौज शाबूत राहिल्याने पुढे नवी भरती करावी लागली नाही, आणि रसद संपल्यावर अब्दाली आपणच परत गेला. तिची वेळ विक्रमापेक्षा कमी आली.

तिने व्हिडिओ टाकला, तर खाली शिव्या आल्या. कुणी पळपुटी म्हटलं. तिचं आडनाव पाहून एकाने लिहिलं, तुम्हा लोकांना पानिपताचं काय सोयरसुतक. विक्रमांची यादी ठेवणाऱ्या मंडळाने नवा नियम केला: पानिपत लढणं सक्तीचं.

मंडळाच्या नोएडातल्या स्पर्धेत तिचं नाव आधीच नोंदलेलं होतं. वडिलांनी सुचवलं, नियमाप्रमाणे खेळ आणि मोकळी हो. ऑफिसात तीस वर्षं त्यांनी असंच निभावलं होतं. ती नाही म्हणाली. मग त्यांनी डबा भरला आणि तिच्याबरोबर मेट्रोत बसले.

सकाळी अकराला खेळ सुरू झाला. मोठ्या पडद्यावर तिची फौज पानिपत सोडून दक्षिणेकडे वळली, तसा हॉल तिची हुर्यो उडवू लागला. माइकवर आशय होता, मंडळाचा प्रमुख. मराठी मुलगी म्हणून तो मुद्दाम मराठीत बोलला.

"पळून चाललीस?"

"माणसं घेऊन चाललेय," उन्नती म्हणाली. नजर पडद्यावरच होती. "कुणाशी लढायचं ते मी ठरवणार."

ग्वाल्हेरपर्यंत कुचेष्टा चालू होती. लाहोरला लोक घड्याळाकडे बघू लागले. अटकेवर झेंडा लागला तेव्हा घड्याळात एक तास एकेचाळीस मिनिटं होती. मागच्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या. त्या वडिलांच्या नव्हत्या, ते नुसते उभे राहिले होते.

आशयने तिला बाजूला घेतलं. वेळ भारी आहे यार, म्हणाला, पण यादीत घेता येणार नाही. संध्याकाळी पानिपत लढून पुन्हा खेळलीस तर बघू.

"मी लढले तर ती चाळीस हजार माणसं मरतात," ती म्हणाली. "तुमची यादी तुमच्याकडे ठेवा."

बक्षिसासाठी पुन्हा खेळण्याच्या अर्जावर तिने सही केली नाही. वडिलांनी डबा उघडून तिला पोळीभाजी दिली आणि मुलीच्या शेजारी, सगळ्यांसमोर, जमिनीवर बसून जेवले.

यादीत तिचं नाव आजही नाही. पण तिने आपला मार्ग पायरीपायरीने लिहून सगळ्यांना खुला केला. महिन्याभरात नागपूर, भोपाळ आणि लखनऊच्या एकेका खेळाडूने तोच धरला. त्यांनीही पानिपत टाळलं, म्हणून त्यांच्याही वेळा मंडळाने नाकारल्या. मग ते तिघे आणि उन्नती अशा चौघांनी स्वतःची यादी सुरू केली.