मोरीजवळचा गुलाब

मखमलाबादच्या सावळीरामला गुलाबाचं पिवळं पान पार बांधावरून दिसायचं. "लोह कमी पडलं," म्हणत तो फेरस खताचं पोतं उघडायचा, बादलीत कालवायचा आणि बुंध्याशी ओतायचा. घरात मात्र ह्या माणसाला चष्मा लावूनही काही दिसत नसे.

त्याची सून पूजा गरोदर होती. अठ्ठ्याण्णवच्या थंडीत दवाखान्यातल्या सिस्टरने तिची खालची पापणी ओढून पाहिली, रक्त तपासलं आणि म्हणाली, "रक्त फार कमी आहे. वाढलं तरच बाळंतपणाला माहेरी पाठवा. नाहीतर इथेच, मोठ्या दवाखान्यात." पूजाचं माहेर चांदवडचं. पहिलं बाळंतपण आईकडे, हे तिने हळद लागायच्या आधीपासून ठरवलेलं. तिचं तोंड एवढंसं झालं.

सासू अंबूबाईने गोळ्यांचा ताबा घेतला. जेवण झालं की लाल गोळी सुनेच्या हातावर आणि वर कपभर चहा. पूजा गोळी तोंडात टाकायची आणि चूळ भरायला मागच्या दारच्या मोरीवर जायची.

पुढच्या तपासणीला रक्त होतं तिथेच. अंबूबाई सिस्टरवरच उखडली. "गोळ्याच खोट्या हायेत तुमच्या! माझ्या डोळ्यादेखत खाते ती!"

"जेवणावर चहा देता का?"

"मग! चहाबिगर जेवण जिरतं का?"

"चहाने लोह अंगी लागत नाही, मावशी. लिंबू पिळा, पालेभाजी द्या."

पालेभाजी म्हटल्यावर सोबत आलेला सावळीराम चपापला. त्याची मेथी रोज पहाटे नाशिकच्या बाजारात जायची आणि घरात बटाटा शिजायचा. चांगली जुडी घरी खाणं म्हणजे त्याच्या लेखी निव्वळ उधळपट्टी.

घरी येऊन तो तणतणत मागच्या दारी गेला आणि थबकला. मळ्यातल्या गुलाबांची पानं पिवळी पडलेली, आणि ज्याला कधी चिमूटभर खत घातलं नाही तो मोरीजवळचा गुलाब हिरवागार! त्याने खुरप्याने बुंधा उकरला. मातीतून लाल गोळ्या निघाल्या, काही अर्ध्या विरघळलेल्या.

"पूजा!"

"लय मळमळतं, आबा," पूजा रडवेली झाली. "म्हटलं, वाया घालवण्यापरीस झाडाला तरी..."

"अगं, त्याला माझ्याकडं आख्खं पोतं हाय! तुझ्या वाटचं त्याला कशाला?"

तिचा नवरा दीपक नुकताच ओझरच्या कारखान्यातून आला होता. तो हसू दाबायला न्हाणीत शिरला. सावळीरामने त्याला बाहेर ओढून सिस्टरसारखी आधी त्याचीच खालची पापणी ओढून पाहिली. लालबुंद! मग आरशात स्वतःची पाहिली, तीही तशीच. मग अंबूबाई नको नको म्हणत असताना तिची ओढली. मोगऱ्याच्या कळीसारखी पांढरी.

"माझं काय घेऊन बसलात! म्हातारीचं रक्त कुणी बघतं का?"

सगळ्यांचं झालं की पातेल्याच्या तळाशी उरेल ते आणि वर चहा, एवढ्यावर ही बाई इतकी वर्षं मळ्यात राबत होती. सावळीरामला स्वतःची लाज वाटली. तो बायकोला घेऊन उलट पावली दवाखान्यात गेला आणि तिच्याही नावाच्या गोळ्या घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या गाठोड्यातून मेथीच्या सगळ्यात चांगल्या जुड्या मागे राहिल्या. कोंबड्यांना पाणी ठेवायची लोखंडी कढई घासून चुलीवर चढली. सावळीरामने सासू-सुनेला आधी बसवलं आणि स्वतः वाढलं. निम्मी भाजी ताटाबाहेर सांडली. अंबूबाई संकोचाने अर्धी झाली, पण जेवली. लिंबूही पिळलं.

मग गोळ्या आल्या.

"आत्याबाई, तुम्ही गिळली तर मी गिळते," पूजा म्हणाली.

अंबूबाईने गोळीकडे पाहिलं, मग हळूच मोरीकडे. सावळीरामने आपला पाट उचलला आणि मोरीच्या वाटेवर टाकून त्यावर ठाण मांडलं. "पोरीला चांदवडला जायचंय ना?"

अंबूबाईने डोळे गच्च मिटून गोळी गिळली. तिचं तोंड पाहून पूजाला हसू फुटलं, आणि हसता हसता तिनेही गिळली.

महिन्या-दीड महिन्याने सिस्टरने पूजाचं रक्त वाढल्याचं सांगितलं, आणि इकडे मोरीजवळच्या गुलाबाची पानं पिवळी पडू लागली. सावळीरामने ती निरखून पाहिली. मग पोत्याला हातही न लावता तो थेट चांदवडच्या व्याह्यांना फोन करायला निघाला. लेकीसाठी खोली झाडून ठेवा, म्हणून सांगायला.