उपासाच्या दिवशी पेटलेली चूल

मी प्रीतिभोजनाचं पातेलं बोलतोय. हो, तेच पितळेचं, ज्याला उचलायला चार गडी लागतात आणि पाचवा नुसता "जपून, जपून" म्हणत मागून चालतो. शिंदखेडा तालुक्यात मुंबई-आग्रा महामार्गाला लागून आमचं छोटंसं चर्च आहे. त्याच्या बाजूच्या खोलीत माझा मुक्काम.

धुळ्याच्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. नाताळात आणि ईस्टरला उपासना आटोपली की आमची सगळी मंडळी एका पंगतीला बसते, त्याला प्रीतिभोजन म्हणतात. तेवढ्यापुरता माझा मान, एरवी कुलूप. किल्ली अभिमन सरांकडे. सर निवृत्त शिक्षक आणि मंडळीचे पंच. माणूस सरळ, पण नियमाला पक्का. "मंडळीचं भांडं मंडळीसाठी," असं म्हणून त्यांनी मला कुणाच्या लग्नालासुद्धा दिलं नाही. मलाही ते आवडायचं. भांड्याला काय, घराण्याचा तोरा नसतो?

मग करोनाची टाळेबंदी आली. चर्च बंद झालं, उपासना फोनवर सुरू झाली. माझ्या खिडकीतून दिसणारा रस्ता गाड्यांवाचून ओस पडला आणि काही दिवसांत माणसांनी भरला. मुंबई-नाशिककडून निघालेली माणसं, डोक्यावर बोचकं, कडेवर लेकरू, पायात फाटक्या चपला. वैशाखातलं खानदेशचं ऊन, आणि हे आपले चालताहेत.

मंडळीचं काळीज हललं. देशासाठी उपास-प्रार्थनेचा एक दिवस ठरला. त्या दिवशी घरोघरी चूल बंद. सर एकटेच चर्चमध्ये बसून फोनवर सर्वांची प्रार्थना चालवत होते. "प्रभू, भुकेल्यांना अन्न दे," म्हणताना त्यांचा आवाज भरून आला. त्यात ढोंग नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. सोबत नवरा, त्याच्या खांद्यावर मान टाकलेली मुलगी.

"बाबूजी, बच्ची के लिए कुछ मिलेगा?"

सर गडबडले. फोनवर माणसं खोळंबलेली. म्हणाले, "आज हमारा उपवास है, बहन. चूल्हा बंद है. कल आना."

बाई रागावली नाही. "अच्छा" म्हणाली आणि चालू लागली. चालणाऱ्याचा उद्या पुढच्या गावात उगवतो, हे सरांच्या ध्यानातच आलं नाही. ते पुन्हा डोळे मिटून बसले.

सरांची बायको लताबाई घरून पाण्याचा तांब्या घेऊन येत होती. तिनं त्या तिघांना जाताना पाहिलं.

"काय सांगं तुम्ही त्या बाईले?"

"आज उपास आहे, उद्या या म्हटलं."

लताबाईनं तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "उपास आपला शे. तिना नही."

सरांनी फोन तसाच ठेवला आणि रस्त्याकडे धाव घेतली. साठी उलटलेला माणूस, उन्हात अनवाणी पळाला. परत आला तेव्हा एकटाच होता. एका ट्रकवाल्यानं त्या तिघांना बसवून नेलं, असं कुणीतरी सांगितलं होतं. सरांनी माझं कुलूप काढलं.

चूल पेटवतोय म्हणताच फोनवर कुरकुर झाली. "प्रार्थनेच्या दिवशी चूल?" सर म्हणाले, "प्रार्थनाच चालू आहे. तांदूळ घेऊन या." आणि खरंच, कुरकुरणारेच आधी आले. शेजारच्या अमीनभाईंनी टेम्पो काढून मला रस्त्याकडेच्या निंबाखाली नेलं. माझ्यात खिचडी रटरटू लागली, तशी अमीनभाईंना शंका आली.

"सर, माझा रोजा, तुमचा उपास. मीठ कोण बघणार?"

सगळे एकमेकांकडे पाहून हसले. त्या दिवसांत पहिल्यांदाच मी हसू ऐकलं. शेवटी वाटेनं येणाऱ्या एका म्हाताऱ्याला पहिली पत्रावळ दिली. त्यानं घास घेतला आणि संकोचून म्हणाला, "थोडा नमक और."

पुढं रस्ता रिकामा होईपर्यंत ती चूल विझली नाही. माझं बूड काळं पडलं, ते अजून निघालेलं नाही. आता मला कुलूप नसतं. लग्नाला नेतात, दहाव्याला नेतात, कुणाचंही असो. घराण्याचा तोरा गेला, पण बरं वाटतं.

मागच्या नाताळात मंडळीनं ठराव मांडला, की टाळेबंदीतल्या सेवेची आठवण माझ्या अंगावर कोरावी. सगळ्यांनी हात वर केले. सर तेवढे उठून उभे राहिले.

"कोरा," ते म्हणाले. "पण आधी त्या मुलीचं नाव शोधून आणा. तेच कोरू."

ते नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. माझं अंग अजून कोरंच आहे. बाबांनो, प्रार्थना जरूर करा, पण दाराकडे कान ठेवून करा. आणि आमच्या रस्त्यानं गेलेली ती मुलगी कधी तुम्हाला भेटलीच, तर सरांसाठी एवढंच विचारा, की त्या दिवशी पुढच्या गावात तुला कुणी जेवू घातलं का?