रुमालाखालचा चेंडू

गळ्याची शपथ घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझी कवळी कुत्र्याला घाला.

माझी नात सरकारी विद्यापीठात शिकते. काय, तर मुलं कशी वाढतात आणि त्यांच्या डोक्यात काय चालतं. मी म्हटलं, "एवढी पोरं वाढवली मी, मला कुणी पदवी दिली नाही." तर म्हणते कशी, "म्हणून तर बाबा असे झालेत." जीभ बघा. तिची इमारत बघायला एकदा गेले होते मी. जिना एवढा उंच, की चढायला लागले तेव्हा माझे केस काळे होते.

तर तिचं प्रॅक्टिकल आलं. तान्हं मूल समोर बसवायचं, लाल चेंडू दाखवायचा, त्याच्या डोळ्यांदेखत रुमालाखाली लपवायचा आणि बघत बसायचं. मुलानं रुमाल ओढला तर समजायचं, की दिसत नसली तरी वस्तू असते, हे त्याला कळायला लागलंय. त्याआधी दिसेनासं झालं की जगातूनच गेलं.

"मग आई स्वयंपाकघरात गेली की?" मी विचारलं.

"तीही गेली. म्हणून अगदी लहान असताना शांत असतात गं. आई आहे पण इथे नाही, हे कळलं की मग भोकाड पसरतात."

सरावाला शेजारणीचं बाळ येणार होतं, ते सर्दीनं बेजार. मीच म्हटलं, "मग यांना बसव."

हे म्हणजे आमचे हे. जन्मभर शाळेत गणित शिकवलं. आता शर्टाची बटणं लावता येत नाहीत. स्वतःच्या लेकाला साहेब म्हणतात. लेक तेवढाच खूश.

नात हसायला लागली. "प्राध्यापिकाबाई, दात काय काढताय, सुरू करा," मी म्हटलं.

चेंडू यांना आवडला. हात पुढे केला. नातीनं तो रुमालाखाली सरकवला. हात थोडा वेळ तसाच राहिला, मग मांडीवर आला. नजर खिडकीकडे गेली. रुमालाखाली एवढं टेंगूळ दिसत होतं. तिनं परत केलं. परत तेच.

ती खेळणी पिशवीत भरायला लागली. "पुरे आजी. मोठ्या माणसांसाठी नाहीच हे."

मला मात्र मागचं आठवलं. आधी मी नळाखाली भांडं ठेवायला उठले तरी हे ओरडायचे, "अगं, कुठे मेलीस?" वैताग यायचा. मग हाका थांबल्या. मी गल्लीभर सांगत सुटले, निवळला हो माणूस, शांत झाला एकदाचा.

"आता मला लपव," मी म्हटलं.

"आजी, नको ना."

"चेंडूला एक न्याय आणि मला एक का?"

"बघून करणार काय आहेस तू?"

ते मलाही माहीत नव्हतं.

मी यांच्यासमोर बसले, हात हातात घेतला. हे हसले. हसणं अजून शाबूत आहे. मग उठले आणि दाराच्या पडद्यामागे जाऊन उभी राहिले. पायाची बोटं मुद्दाम बाहेर ठेवली, तेवढीच यांना मदत. बाहेर कुणीतरी सतरंजी झटकत होतं. मी श्वास रोखला.

बराच वेळ काही नाही. मग खुर्ची करकरली. काठी टेकल्याचा आवाज आला, पाय घासत आले, पडदा सरकला, आणि हे म्हणाले, "सापडलीस."

नात हमसाहमशी रडली. मी तिला कुशीत घेतलं, म्हटलं, परीक्षेत असं रडू नको, मार्क कापतील.

ती रडली ते अगदी खरं. बाकीचंही खरंच आहे. तेवढा पडदा मात्र मीच सरकवला. उभी राहून राहून पाय भरून आले होते. हे खिडकीकडेच बघत बसले होते. मी समोर आले तेव्हा वळून हसले, छान हसले, घरात कुणी नवीन बाई आल्यासारखे.