ओढणारं चाक

मिस्त्रींनी टायर बोटांनी निवडला. दुकानात भिंतीला टेकवून ठेवलेल्या नव्याकोऱ्या टायरांच्या रांगेपुढे ते उकिडवे बसले, चष्मा कपाळावर चढवला आणि एकेका टायरच्या खाचांत बोट घालून असे चाचपू लागले, जशी एखादी आजी तान्ह्याच्या हिरड्या चाचपून दात आलाय का ते बघते. दुकानातली गिऱ्हाइकं आपलं काम विसरून बघत राहिली. मिस्त्रींना ते पाठमोरं कळत होतं. आवडतही होतं.

मागे त्यांची सून उभी होती. ती गुरांची डॉक्टर. नवऱ्याची नोकरी परगावी, म्हणून ती सासू-सासऱ्यांजवळ राहायची आणि दूध केंद्राच्या सभासदांची गुरं बघायची. तिची रोजची फेरी म्हणजे अर्धी डांबरी रस्त्याने आणि अर्धी शेतातून. सडकेवर ट्रक अंगावर यायचे आणि सडक सोडली की काळी, चिकट माती चाकाला मिठी मारायची. तिच्या गाडीच्या जुन्या टायरांना झिजून टक्कल पडलं होतं.

"हा रस्त्याचा," मिस्त्री एका टायरवर थाप मारून म्हणाले. "डांबरावर लोण्यासारखा चालेल आणि शेतात गेलीस की मांडी ठोकून बसेल. हा पलीकडचा निव्वळ चिखलाचा. शेतात रेड्यासारखा जाईल, पण सडकेवर असा घोंगावेल की घरी आल्यावर सासूचं बोलणं ऐकू येणार नाही."

"मग तोच घेऊ की," सून म्हणाली. सगळे हसले. मिस्त्रीही हसले आणि मधला टायर उचलून तिच्यापुढे धरला. त्याचे ठोकळे मधोमध जवळजवळ होते, म्हणजे सडकेवर पकड राहावी आणि आवाज कमी व्हावा. कडेला खाचा मोकळ्या होत्या, म्हणजे चिखल झटकला जावा. सगळी नक्षी बाणाच्या टोकासारखी एका दिशेला निमुळती होत गेलेली.

टायर निवडण्यात मिस्त्रींचं तसूभरही चुकलं नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. चुकलं ते बसवताना.

मिस्त्रींनी सारी हयात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधण्यात घालवली होती. त्यांचा कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. तिथे दिवसभर घण वाजायचा, वेल्डिंगच्या ठिणग्या उडायच्या आणि तापल्या लोखंडाचा वास शेजारच्या वाळत घातलेल्या कपड्यांनाही लागायचा. त्या शेडमधून बाहेर पडलेली ट्रॉली चिखलात कधी अडली नाही, असं लोक म्हणायचे. त्याचं एक गुपित होतं. ट्रॉलीला असा नक्षीचा टायर घालायचा तर मिस्त्री तो उलटा घालत. ट्रॉली ट्रॅक्टरच्या मागे ओढली जाते. तिच्या चाकाला स्वतः जोर लावायचा नसतो, नुसतं गडगडत यायचं असतं. उलटा घातला की ते हलकं येतं. हे मिस्त्रींच्या हातात इतकं मुरलं होतं की डोक्याला विचारायची गरजच उरली नव्हती.

म्हणून टायरवाला जेव्हा म्हणाला, "मिस्त्री, बाण उलटा जातोय बघा," तेव्हा मिस्त्रींनी टायरच्या बाजूला कोरलेल्या, फिरण्याची दिशा दाखवणाऱ्या त्या बाणाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बाण कंपनीत बसून काढतात," ते म्हणाले. "चिखलात मी उभा राहिलोय."

पुन्हा हशा झाला. टायरवाल्याने सुनेकडे पाहिलं, कारण गाडी तिची. ती म्हणाली, "बाबा म्हणतात तसंच बसवा."

पुढे कितीतरी दिवस हे चार शब्द मिस्त्रींच्या कानात वाजत राहिले.

पहिल्या आठवड्यात गाडी दोनदा रुतली. सून घरी आली ती गुडघ्यापर्यंत माखून. नवा टायर आहे, अंगवळणी पडायला वेळ लागेल, असं मिस्त्रींनी सांगितलं. तिसऱ्यांदा रुतली तेव्हा ते स्वतः शेजारी बसून गेले आणि दुसरा गिअर, पाय हलका, स्टिअरिंग सैल, असं सगळं सांगत राहिले. गाडी त्यांच्यादेखतच बसली. चाकं जागच्या जागी फिरू लागली, चिखलाचे गोळे खाचांत गच्च भरले आणि टायर भाकरीच्या पाठीसारखा सपाट झाला. कुणाचा तरी ट्रॅक्टर येऊन ओढेपर्यंत सून निमूट बसली होती आणि मिस्त्री चिडले होते. आपल्या टायरवर ही पोर गाडी रुतवते म्हणजे काय.

"तुझ्या हाताला चिखल कळत नाही," ते म्हणाले. "असतं एकेकाचं."

तिने गाडी चालू केली.

दूध केंद्रावर मात्र सगळे बोलत होते. धाकटा डॉक्टर, जो सडकेकडची गुरं बघायचा, तिची गाडी आली की विचारायचा, आज ट्रॅक्टर बरोबरच आणलाय की मागून येतोय. कुणीतरी तिचं नाव 'रुतूबाई' पाडलं. ती हसून साजरं करायची. घरी येऊन सासूला मात्र म्हणाली होती की हसण्यावारी नेणं आता जमत नाही.

मग नदीकाठच्या मळ्यातली गाय विताना अडली. त्या मळेवाल्या मावशींचा फोन आला तेव्हा सून जेवत होती, ती ताट तसंच ठेवून निघाली. गाडी मळ्याच्या अलीकडे बसली. ती पेटी डोक्यावर घेऊन शेत तुडवत गेली. गाय वाचली, वासरू गेलं होतं. मावशी तिला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. हात धुवायला गरम पाणी दिलं, टॉवेल दिला. हे सांगताना सुनेचा आवाज अगदी सरळ होता. मिस्त्रीणबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मिस्त्री म्हणाले, "असं होतं कधीकधी," आणि दिवा घालवून झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी धुवायला ते अंगणात गेले. हे काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलेलं. पाण्याच्या जोराने कडेचा चिखल निघाला, मधला निघेना. म्हणून त्यांनी लाकडाची ढलपी घेतली आणि खाचेत घालून मधून बाहेर ओढली. चिखल हलला नाही. बाहेरून मध्ये रेटला, तर आणखी घट्ट बसला. त्यांनी गाडी जराशी पुढे ढकलून चाक फिरताना बघितलं. प्रत्येक खाच कडेचा चिखल गोळा करून मधे आणत होती, जशी एखादी बाई दोन्ही हातांनी धान्य पुढ्यात ओढते.

मिस्त्री ढलपी हातात घेऊन तसेच बसून राहिले. गाडीचं चाक ओढलं जात नाही. गाडीचं चाक ओढतं.

इतकी साधी गोष्ट. ट्रॉलीखाली लोळणाऱ्या कुत्र्यालाही कळली असती. त्यांचे कान तापले. अंगणात कुणी नव्हतं, तरी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग बादलीभर पाणी ओतून त्यांनी तो बाण धुऊन काढला, बघितला आणि जाऊन त्यावर पुन्हा ओला चिखल फासला.

तेव्हाच बोलायचं होतं. सून आत कपडे चढवत होती, दार उघडं होतं. पण आत्ताच कसं बोलायचं, तिचं मन आधीच दुखलंय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. संध्याकाळी, ती थकून आलीय, असं सांगितलं. खरं कारण त्यांना ठाऊक होतं. त्या शेडमधून आयुष्यभर जे नाव कमावलं, तेवढंच आता त्यांच्याजवळ उरलं होतं. सुनेचं नाव चिखलात गेलं होतं आणि त्यांचं अजून कोरडं होतं. असा आठवडा गेला. त्या आठवड्यात गाडी आणखी एकदा रुतली आणि जेवताना मिस्त्री ताटातून वर बघेनात.

शेवटी एका दुपारी, सून पायी जवळच्या गोठ्यावर गेली असताना, त्यांनी जॅक काढला. डावीकडची चाकं उजवीकडे, उजवीकडची डावीकडे. तेवढ्याने सगळे बाण पुढे झाले. मिस्त्रीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय चाललंय?"

"चाकं फिरवतोय. झीज सारखी होते."

"परवा आणलेत ना टायर? झिजायला अजून सासुरवास कुठे झालाय त्यांना?"

मिस्त्री नट आवळत राहिले. बाई जरा वेळ उभ्या राहिल्या, त्यांच्या मानेकडे बघत. मग काही न बोलता आत गेल्या. एवढ्या संसारात त्या असं न बोलता आत गेल्याचं मिस्त्रींना फारसं आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सून लवकर परतली. चेहरा उजळला होता. नदीकाठच्या वाटेने गाडी कुठेही न अडता गेली म्हणाली, आणि परतही आली. "बाबा, तुम्ही सांगितलं होतं तसंच केलं. पाय हलका ठेवला. तुमचं ऐकायला मलाच उशीर झाला."

 मिस्त्रींना वाटलं, आता सगळं मिटलं, सांगायची गरजच उरली नाही. तेवढ्यात सून सासूला पुढचं सांगू लागली. नदीकाठची सगळी घरं तिने सोडून दिली होती. केंद्राच्या साहेबांना कालच कळवलं होतं. उद्या सकाळी सभासदांसमोर ती घरं धाकट्या डॉक्टरकडे जाणार, ती सडकेकडची घेणार.

"पण आज तर गेली ना गाडी," मिस्त्री म्हणाले.

"एक दिवस गेली, बाबा. गाय अडली तर ती माझा हात चांगला असेल त्या दिवसाची वाट बघणार नाही. तुम्हीच म्हणालात, असतं एकेकाचं." मग हळूच म्हणाली, "त्या मळ्यांसाठीच मी ही नोकरी घेतली होती."

रात्र मिस्त्रींनी कूस बदलत काढली. सकाळी सून निघाली तेव्हा ते आधीच गाडीत बसले होते. केंद्रावर काम आहे म्हणाले.

केंद्रात दुधाचे कॅन आपटत होते, फरशी ओली होती, सभासद भिंतीला पाठ लावून उभे होते. साहेबांनी वाटणीचा विषय काढला. धाकटा डॉक्टर म्हणाला की नदीकाठी तो आनंदाने जाईल, रुतूबाईंनी फक्त आपला ट्रॅक्टर उसना द्यावा. हशा झाला. सून तोंडभर हसली, आणि तिचे हसतानाचे डोळे मिस्त्रींनी पहिल्यांदा नीट पाहिले.

"टायर मी उलटे बसवले होते," मिस्त्री म्हणाले.

आधी कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. ट्रॉलीची सवय, चाक ओढतं की ओढलं जातं, सगळं. दुकानदाराने सांगूनही ऐकलं नाही, हेही. तिच्या हाताचा काही दोष नव्हता, तशा टायरवर कुणीही रुतलं असतं. बोलताबोलता त्यांच्या लक्षात आलं की लोक पुन्हा हसू लागलेत, यावेळी त्यांना. कुणीतरी म्हणालं, मिस्त्रींनी डॉक्टरीणबाईंची ट्रॉली केली. ते हसू झेलणं मिस्त्रींना वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं.

मळेवाल्या मावशी हसल्या नव्हत्या. रिकामा कॅन हातात धरून त्या पुढे आल्या.

"तुम्हाला कधी कळलं, मिस्त्री?"

काल, असं म्हणता आलं असतं. कुणी तपासणार नव्हतं. मिस्त्रींनी ओल्या फरशीकडे पाहिलं.

"तुमचं वासरू गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी."

आता कुणी हसलं नाही.  मावशींनी मान हलवली आणि साहेबांना म्हणाल्या, "आमच्याकडे डॉक्टरीणबाईच येतील. बाकीच्यांचं बाकीचे बघोत." नदीकाठचे आणखी दोघंतिघं हो म्हणाले. धाकटा डॉक्टर आपली पेटी उघडून त्यात काहीतरी शोधू लागला. साहेबांनी विषय संपवला.

बाहेर सून गाडी चालू करून बसली होती. मिस्त्री दाराशी घुटमळले. तिने आतून दार ढकललं. ते बसले.

सडक संपली, शेतवाट लागली. गाडी चिखल कडेला उडवत सरळ चालली होती. वळणावर तिने गिअर उशिरा बदलला आणि मिस्त्रींचं तोंड सवयीने उघडलं. मग मिटलं.

"मी चालवायचंच सोडून देणार होते," ती समोर बघत म्हणाली. "आणि तुम्ही रोज माझ्यासमोर बसून जेवत होतात."

मिस्त्रींना पुष्कळ काही सांगायचं होतं. त्यांनी फक्त "हो" म्हटलं.

नदीकाठच्या एका गोठ्यापाशी तिने गाडी थांबवली, पेटी घेतली आणि बाह्या सारत आत गेली. मिस्त्री बसून राहिले. मग त्यांना ते बसणं सहन होईना. ते उतरले, चिखलातून चालत गेले आणि गोठ्याच्या दाराशी उभे राहिले. आत एक दांडगी गाय मान झटकत होती, मालक तिला आवरत होता, सून सुई भरत होती. तिला ते दिसत असले पाहिजेत. बराच वेळ तिने पाहिलं नाही.

"दावं धरा," ती म्हणाली.

ती एरवी असं नुसतं बोलत नसे. 'बाबा' असायचं मागे किंवा पुढे. मिस्त्री आत गेले आणि दोन्ही हातांनी दावं धरलं.