बॅटरीजवळचा फ्यूज

बुद्धरत्नच्या कासारवाडीतल्या दुकानासमोर यशवंतरावांची गाडी थांबली आणि तिच्यातून सिद्धेश शेठ उतरला, तेव्हा बुद्धरत्नने हातातली पकड शांतपणे टेबलावर ठेवली. या माणसाची तो दोन वर्षं वाट बघत होता.

मोशीत सिद्धेशच्या कार-टेपच्या दुकानात त्याने नऊ वर्षं काम केलं होतं. एका गिऱ्हाइकाची गाडी नवी सिस्टीम बसवल्यावर आठवड्यातच पेटली. त्याच संध्याकाळी चाकणपर्यंतच्या सगळ्या फिटर लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सिद्धेशचा आवाज फिरला : "फिटिंग बुद्धरत्नची होती. त्याच्या हातात गाडी देऊ नका." वर्षभर कुणी दिली नाही. त्या गाडीत बॅटरीची वायर सिद्धेशने स्वतः ओढली होती, हे मात्र दोघांनाच ठाऊक होतं.

"खड्ड्यात आदळली की गाणं बंद, अन् जळका वास," यशवंतराव म्हणाले. "ह्यानंच सिस्टीम बसवली, तीनदा बघितली. सापडंना. म्हणून ह्यालाच संगं आणला."

"भावा, जरा बघ ना," सिद्धेश म्हणाला.

"भाऊ कधी झालो शेठ? बघतो. पण मीटर तुम्ही धरायचा. मी नुसतं सांगणार."

यशवंतराव हसले. सिद्धेशने मीटर घेतला.

बुद्धरत्न पोरांना शिकवावं तसं सांगू लागला. आधी डिकीत अँप्लिफायरपाशी जा. इंजिन चालू ठेवा. आकडा वाचा, मोठ्याने.

"चौदा व्होल्ट."

"आता अर्थची, पत्र्याला जोडलेली वायर हलवा. पडला आकडा? नाही ना. म्हणजे अर्थ चांगली. आता यशवंतराव, तुम्ही पुढे बॅटरीची वायर हलवा, हळूच."

"नऊ!" सिद्धेश ओरडला. जळका वास आला. बुद्धरत्नने त्याला इंजिन बंद करून बॅटरीचं टोक सोडवायला लावलं.

"आता वायरीवर बोट ठेवून चला शेठ. घाई नाही."

इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्याला पाडलेल्या भोकापाशी बोट थांबलं. भोकाला रबर नव्हतं. पत्र्याच्या धारेने वायरीचं कातडं सोललं होतं. आतल्या दोन-तीन तारा काळ्या पडल्या होत्या.

"फ्यूज कुठाय?"

सिद्धेश पुटपुटला. "मागं. डिकीत."

"यशवंतराव, फ्यूज म्हणजे स्वतः जळून वायर वाचवणारी तार. तो बॅटरीजवळ लागतो. डिकीत बसवला की बदलायला सोपा, पण मधल्या सगळ्या वायरीला संरक्षण राहत नाही. आज दोन तारा पत्र्याला टेकल्या. सगळ्या टेकल्या असत्या तर गाडी पेटली असती."

यशवंतरावांचा चेहरा उतरला. "ह्यात माझी नातवंडं बसत्यात रं."

"त्या जळक्या गाडीचाही फ्यूज डिकीतच होता ना, शेठ?"

सिद्धेशने जेमतेम मान हलवली.

"मी हिला हात लावणार नाही," बुद्धरत्न म्हणाला. "आधी ग्रुपवर खरं काय ते बोला."

"अरे, आता एवढ्या जुन्या गोष्टी..."

"बोल की!" यशवंतराव गरजले.

सिद्धेशने मोबाईल तोंडाशी धरला. "मित्रांनो, त्या वेळी कदाचित गैरसमज..."

"पुसा. 'कदाचित' नको. कुणी काय केलं, ते सांगा."

दुसऱ्या वेळी त्याने "आमच्याकडून चूक" म्हटलं.

"आमच्या म्हणजे कोण? मीसुद्धा? पुन्हा." बुद्धरत्नचा आवाज जराही चढला नव्हता. एवढी मजा त्याला दोन वर्षांत कधी आली नव्हती, आणि ती लपवायची त्याला गरज वाटली नाही.

तिसऱ्या वेळी सिद्धेश सरळ बोलला. "वायर मी ओढली होती. फ्यूज मी डिकीत टाकला. बुद्धरत्नचा काही दोष नव्हता. मी खोटं बोललो."

"पाठवा."

पाठवलं. बुद्धरत्नच्या खिशातला मोबाईल वाजला, मग पुन्हा, मग वाजतच राहिला. त्याने तो बाहेर काढला नाही. नवी वायर, फ्यूज आणि रबर त्याने टेबलावर मांडलं आणि तो स्टूल ओढून बसला.

"घ्या शेठ. सुरुवात बॅटरीपासून."